बुरशीचे प्लॅस्टिक आणि पऱ्हाटीचा भाव



मोरगावच्या शेजारी, जेजुरीला, ऑक्टोबर २०२४ मध्ये एका नव्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने ते उभारले आणि केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हे प्लॅस्टिक खनिज तेलाचे नाही. गोड मालावर सूक्ष्म जीव सोडायचे, त्यांच्याकडून लॅक्टिक आम्ल करून घ्यायचे आणि त्या आम्लाच्या साखळ्या जोडून प्लॅस्टिक बनवायचे, अशी ही रीत आहे. लॅक्टिक आम्ल म्हणजे दुधाला विरजण लावल्यावर दह्यात जे आंबट तयार होते तेच. त्यापासून झालेल्या प्लॅस्टिकला पीएलए म्हणतात.

आज या धंद्याचा कच्चा माल साखर आणि स्टार्च आहे. पण जगभरच्या प्रयोगशाळांचा डोळा आता पुढच्या मालावर आहे. जंगलातले पडके लाकूड, फांद्या, भुसा, पिकांची धसकटे आणि काड्या यांवर बुरशी सोडून प्लॅस्टिकचा कच्चा माल काढायचा, या दिशेने काम चालले आहे. कागदोपत्री या मालाला 'वनातील कचरा' आणि 'शेतीतील कचरा' असे म्हणतात.

आमचे भांडण बुरशीशी नाही आणि विज्ञानाशीही नाही. नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या दारात आले तर त्याचे स्वागतच करू. आमचे भांडण 'कचरा' या शब्दाशी आहे. मालाला कचरा म्हटले की त्याचा भाव शून्यापासून सुरू होतो, आणि देणाऱ्याने उलट उपकार मानावेत अशी अपेक्षा असते. हा धंदा आपल्या भागात यायच्या आधी या शब्दाचा निकाल लावला पाहिजे.

बुरशी काय करते

आधी काम समजून घेऊ. बाभळीचे लाकूड असो की कपाशीची पऱ्हाटी, घडण एकच. सेल्युलोजचे धागे म्हणजे लोखंडी गज, हेमिसेल्युलोज म्हणजे ते बांधणारी तार आणि लिग्निन म्हणजे वरून ओतलेले सिमेंट. सेल्युलोज म्हणजे एकापुढे एक जोडलेली साखरच आहे. पण सिमेंट फुटल्याशिवाय ती साखर हाती लागत नाही.

सिमेंट फोडण्याचे काम निसर्गात मुख्यतः 'पांढरी कुज' करणाऱ्या बुरशा करतात. ओढ्याकाठच्या जुन्या खोडावर पावसाळ्यात पंख्यासारख्या अळंब्या फुटतात आणि आतले लाकूड पांढरे, भुसभुशीत होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बाजारात मिळणारी धिंगरी अळंबी याच जातीची.

दुसरी बुरशी सेल्युलोज तोडून साखर मोकळी करते. तिचे घराणे आपल्या ओळखीचे आहे. हरभऱ्याची मर थांबवायला बियाण्याला आपण ट्रायकोडर्मा चोळतो. त्याच कुळातली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर सापडली. अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापड तिथे सडून जात होते. कापसाचे कापड कोण खाते याचा शोध घेताना ही बुरशी हाती लागली. आज सेल्युलोजची साखर करणारी विकरे बनवण्यासाठी जगभर तिच्याच वंशातील बुरशा मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.

तिसरे काम साखरेचे आम्ल करण्याचे. अ‍ॅस्परजिलस टेरियस ही बुरशी साखरेपासून इटाकोनिक आम्ल करते. ते कृत्रिम धागे, रंग आणि प्लॅस्टिक यांच्या घडणीत वापरतात. रायझोपस जातीची बुरशी लॅक्टिक आणि फ्यूमॅरिक आम्ल करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा उपयुक्त बुरशा आणि जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून जपलेला आहे. विद्या परदेशातून आणावी लागेल असे नाही, ती आपल्या जिल्ह्यातच आहे.

मग अडले कुठे? लाकडातून साखर काढण्यासाठी उष्णता आणि रसायनांचा मारा करावा लागतो. त्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि फरफ्युरल असे पदार्थ तयार होतात, आणि पुढच्या टप्प्यातल्या बुरशीला ते विषासारखे बाधतात. म्हणून इटाकोनिक आम्ल बाजारात असले तरी ते साखर आणि स्टार्चवरच बनते, लाकडावर नव्हे. लिग्निनपासून थेट प्लॅस्टिकचा माल काढण्याचे कामही अजून प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे. तेव्हा उद्या कोणी गावात येऊन 'पऱ्हाटीचे सोने करून देतो, भागभांडवल भरा' म्हणू लागला, तर बाजारात तुरी असताना घरात भांडण लावून घेऊ नका. पण काम पुढे सरकते आहे हेही खरे. आसामात नुमालीगढ येथे बांबूपासून इथेनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि फरफ्युरल काढणाऱ्या कारखान्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. लाकडासारख्या मालावर चालणारे असे कारखाने ही आता कागदावरची गोष्ट राहिलेली नाही. बोलण्याची वेळ कारखाना उभा राहिल्यावर येत नाही, ती त्याच्या आधीच असते.

लिंबाचे काय झाले

बुरशीमुळे शेतकऱ्याचा बाजार कसा फिरतो याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. सायट्रिक आम्ल तेव्हा लिंबापासून निघे आणि त्या मालावर इटलीची जवळजवळ मक्तेदारी होती. कांद्यावर जी काळी बुरशी येते, त्या अ‍ॅस्परजिलस नायजरपासून साखरेवर सायट्रिक आम्ल करता येते हे १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवले. १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत लिंबाच्या सायट्रेटचा तो व्यापार बसला.

लिंबूवाल्याने काही चूक केली नव्हती. त्याच्या मालाचे काम दुसऱ्या मालाने आणि बुरशीने मिळून केले. आता वारे उलट्या दिशेने वाहू शकते. तेलाच्या प्लॅस्टिकची जागा शेतमालाने घ्यायची आहे, आणि या वेळी माल आपल्याकडे आहे. पण माल असणे म्हणजे भाव मिळणे नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मळीही एकदा कचराच होती

शेजारी बघा. नीरा डाव्या कालव्यावर सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती असे साखर कारखाने आहेत. कारखान्याची मळी एके काळी डोकेदुखी समजली जाई. मग तिच्यापासून दारू, अल्कोहोल आणि रसायने होऊ लागली. पण १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने तिचा भाव सरकारने बांधून ठेवला होता. ज्यांच्याकडे अल्कोहोलचे कारखाने होते त्यांना मळी स्वस्तात मिळत राहिली आणि ऊसवाल्याच्या हिशेबात तिची किंमत नावापुरती राहिली. तो आदेश केंद्राने १९९३ मध्ये उठवला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ 'कचरा' म्हणून दुसऱ्याच्या घरात पैसा जात राहिला.

पुढे रंगराजन समितीने २०१२ मध्ये सूत्र मांडले की साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाच्या किमतीपोटी शेतकऱ्याचा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. तो वाटा पदरात पाडून घेताना ऊसवाल्यांना आजही झगडावे लागते. पण एक तत्त्व मान्य झाले: उपपदार्थ हा कचरा नाही, त्याच्या उत्पन्नात पिकवणाऱ्याचा वाटा आहे. जिरायत शेतकऱ्याला तीस वर्षे थांबायची गरज नाही. ऊसवाल्याने शेवटी मिळवलेले तत्त्व आपण सुरुवातीलाच मागायचे आहे.

जंगलातला दाखलाही महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलांचा बांबू सरकारने कागद गिरणीला वर्षानुवर्षे नाममात्र दराने दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यावा म्हणून ते गाव अडून बसले, आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक केंद्रीय मंत्र्यांना गावात येऊन ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. त्यानंतर गावाने आपला बांबू स्वतः विकला. बांबू तोच, जंगल तेच. फक्त विकणारा बदलला, आणि भाव बदलला.

आपल्याकडे आहे काय

सुपे, मोरगाव, लोणी भापकर ही बारामतीची जिरायत गावे आणि इंदापुरात जिथे कालव्याचे पाणी चढत नाही ती गावे, यांच्याकडे सागवानी जंगल नाही. आपले वन म्हणजे माळरान, गवत आणि खुरटी झाडे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखले आहे, सुमारे पाच चौरस किलोमीटरचे. तिथल्या काडीला कोणी हात लावू नये, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. उरतात तीन माल, आणि तिघांचा विचार वेगवेगळा करायला हवा.

पहिला माल वेडी बाभूळ. गायरान, ओढे, पडीक रान तिने व्यापले आहे. शेरडे शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी पसरते. ही तोडली तर रान मोकळे होईल, तोटा नाही. पण ती कचरा आहे का? चुलीचे सरपण तीच आहे. कोकणातून येणारी कातकरी कुटुंबे तिच्याच कोळशाच्या भट्ट्यांवर पोट भरतात, आणि उचल देणारा ठेकेदार त्यांना वर्षानुवर्षे बांधून ठेवतो. कारखाना आला तर त्याच ठेकेदाराच्या हाती तोडणीचा ठेका जाईल की ग्रामसभेच्या हाती, हा पहिला प्रश्न आहे.

दुसरा माल कपाशीची पऱ्हाटी. ही शेतात उभी ठेवणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कापूसवाल्यांचे कंबरडे मोडले, ते विसरण्यासारखे नाही. फरदड घेतली, उशिरापर्यंत झाडे उभी ठेवली किंवा किडक्या बोंडांसकट पऱ्हाटीची गंजी बांधावर रचली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. वेचणी संपताच पऱ्हाटी उपटून तिचा भुगा केला तर कीडही मोडते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबलेल्या फळ्या, जळाऊ कांड्या आणि धिंगरी अळंबी करण्याच्या रीती बसवून दिल्या आहेत. तेव्हा विकायला योग्य असा माल हाच.

तिसरा माल ज्वारीचा कडबा, आणि इथे आमचे म्हणणे स्वच्छ आहे. कडबा हा कचरा नाही, चारा आहे. मालदांडी आपण धान्यासाठी पेरतो तितकीच कडब्यासाठी पेरतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावणीच्या दावणीला जनावरे बांधून बसलेल्या माणसाला कडब्याच्या पेंढीची किंमत कोणी शिकवायला नको. ज्या कारखान्याला सरकारी अनुदान मिळते त्याने कडबा विकत घ्यायला बाजारात उतरणे म्हणजे सरकारच्या पैशाने गाईच्या तोंडचा घास ओढणे होय. शेतकऱ्याने आपला कडबा कोणाला विकावा हा त्याचा हक्क आहे, त्यावर बंदी आम्ही मागत नाही. पण अनुदानाच्या जोरावर होणारी खरेदी आम्ही मान्य करणार नाही.

आणखी एक. आपल्या हलक्या रानात सेंद्रिय कर्ब आधीच थोडा. पाला, बोंडाची टरफले, मुळ्या आणि धसकटे हेही सगळे काट्यावर घातले तर जमीन रिकामी होईल. काडी विका, पण पाला रानातच पडू द्या.

हिशेब मांडू या

पऱ्हाटी हेक्टरी साधारण २ ते ३ टन निघते, म्हणजे एकरी ८ ते १२ क्विंटल. हलक्या रानात याहून कमी. कोरड्या एका क्विंटलमध्ये ३५ ते ४० किलो सेल्युलोज धरू. त्यातील पाऊण भागाची साखर झाली तर सुमारे ३० किलो. बुरशीने तिच्या निम्मे आम्ल दिले तर १५ किलो. हा कागदावरचा हिशेब आहे, कारखान्यात घट येणारच.

आता समजा कारखान्याने पऱ्हाटीला किलोला २ रुपये दिले. एकरी १० क्विंटलचे २ हजार रुपये झाले. त्यातून उपटण्याची मजुरी, गोळा करणे, भुगा करणे आणि वाहतूक वजा करा. पऱ्हाटी फुगीर माल आहे. ट्रक काठोकाठ भरलेला दिसतो आणि काट्यावर वजन भरत नाही. अख्खी पऱ्हाटी पन्नास मैल नेली तर भाडे भावाला खाऊन टाकील. हातात राहील ते चहापाण्यापुरते.

याचा अर्थ असा की नुसती काडी पुरवून कोणाचे कर्ज फिटणार नाही. पैसा पुढच्या पायरीला आहे. म्हणून पहिली पायरी गावात राहिली पाहिजे. दहा-बारा गावांनी मिळून भुगा करण्याचे यंत्र घ्यावे आणि कोरडा, मोजलेला, पोत्यात भरलेला माल विकावा. दिवाळी ते शिमगा या थंड दिवसांत त्याच भुश्यावर धिंगरी घेता येते. उन्हाळ्यात आपल्या हवेत ती तग धरणार नाही, हे लक्षात ठेवून शेड बांधण्यावर पैसा उधळू नये. अळंबी निघाल्यावर उरलेला भुसा बुरशीने आधीच मऊ केलेला असतो, त्याचे खत चांगले होते. प्लॅस्टिकचा कारखाना उद्या येवो की दहा वर्षांनी, या दोन गोष्टींसाठी थांबायची गरज नाही. आणि ज्याच्याकडे भुग्याला दुसरे गिऱ्हाईक आहे, त्यालाच कारखान्याच्या दारात भाव मागता येतो.

सरकारचा एक कागद

कोणी म्हणेल, सरकार या धंद्याला उत्तेजन देते आहे, मग भ्यायचे कशाला? ७ डिसेंबर २०२३ आठवा. इथेनॉलसाठी कारखान्यांनी कर्जे काढून यंत्रे उभी केली होती. केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करणे ऐन हंगामात थांबवले. आठवड्याभरात आदेश थोडा सैल केला, पण तोवर साऱ्यांचे हिशेब कोलमडले होते. शहरात साखर महाग होऊ नये म्हणून खेड्यातली भट्टी विझवायची, ही रीत जुनीच आहे. प्लॅस्टिकच्या बाबतीतही तेच होऊ शकते. तेल स्वस्त झाले की बुरशीचे प्लॅस्टिक परवडणार नाही आणि पऱ्हाटीचे ढीग कारखान्याच्या दारात पडून राहतील. त्या दिवशी नुकसान कोणाचे, हे करारात आधी लिहिलेले असले पाहिजे.

कापूसवाल्यांना याची वेगळी आठवण द्यायला नको. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली ती शेतकऱ्याच्या भल्याच्या नावाने. एकच गिऱ्हाईक, तोच भाव ठरवणार, तोच प्रत लावणार, आणि पैसे तो देईल तेव्हा. पऱ्हाटीला तसा एकाधिकार नको. सरकारचाही नको आणि कंपनीचाही नको.

सभेपुढे आमचे म्हणणे

जिल्ह्याच्या सभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि पुढील मुद्द्यांवर ठराव व्हावा, असे आम्ही सुचवतो.

एक: सरकारी योजना आणि करारपत्रे यांतून 'शेतीतील कचरा', 'वनातील कचरा' हे शब्द काढून 'शेतमाल' आणि 'वनउपज' असे लिहावे. शब्द बदलल्याने पोट भरत नाही, पण कचऱ्याचा करार होत नाही आणि मालाचा होतो.

दोन: भाव कोरड्या वजनावर ठरावा. ओलाव्याची कपात शेतकऱ्यासमोर मोजून व्हावी आणि पावती जागेवर मिळावी.

तीन: भाव दोन हप्त्यांत असावा. पहिला माल घेताना, आणि दुसरा कारखान्याच्या उत्पन्नातल्या वाट्याप्रमाणे. उसाला जे तत्त्व लागू तेच पऱ्हाटीला.

चार: कोणत्याही कारखान्याला क्षेत्र राखून देऊ नये. ऊसवाल्यांनी झोनबंदी भोगली, तेवढी पुरे.

पाच: गायरान आणि वनातील वेड्या बाभळीचा ठेका ग्रामसभेच्या संमतीशिवाय देऊ नये. सरपण नेणाऱ्या बायाबापड्यांचा आणि भट्टीवर राबणाऱ्या मजुरांचा हक्क आधी, कारखान्याचा नंतर.

सहा: अनुदान घेणाऱ्या कारखान्याला कडबा आणि इतर चारा कच्चा माल म्हणून घेण्यास परवानगी नसावी.

या मागण्यांत भीक कुठेही नाही. कारखानदाराने बुरशीला खाऊ घालावे, प्लॅस्टिक करावे, नफाही कमवावा. फक्त बुरशीच्या पानात जे वाढायचे ते आमच्या रानातून येणार आहे, आणि वाढणाऱ्याला मोल आहे एवढे त्याने मान्य करावे. बुरशी लाकूड खाऊन जगते, तिला दोष नाही. माणसाने माणसाचे श्रम फुकट खाऊ नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात कपाशी किती एकर, पऱ्हाटीचे आज काय होते, वेडी बाभूळ किती रानावर आहे आणि ती कोण तोडते, एवढे त्यावर लिहिलेले असावे. कंपनीचा माणूस आपल्या मालाची मोजणी करायला येईल, त्याआधी ती आपली आपण केलेली बरी.